रात्रीचं जेवण : सगळं घरी, पोळ्या विकत की डबा?

सोमवार ते शुक्रवार, घरात चार माणसं, दोघं नोकरीला, आणि सातच्या आत घरी पोचणं अवघड. अशा घरापुढे रात्रीच्या जेवणाचे तीन मार्ग असतात. सगळं घरी करायचं, पोळ्या बाहेरून आणून बाकीचं घरी करायचं, नाहीतर सरळ डबा लावायचा. चौथा मार्ग मोबाइलवरून मागवायचा. तो कुणी आधी ठरवून धरत नाही, पण महिनाअखेरीला खर्च बघितला की सगळ्यात मोठा आकडा त्याचाच निघतो. म्हणून खालच्या तुलनेत मी त्यालाही धरलं आहे.

दर हिशेबापुरते गोल धरले आहेत, शहरी भागातले. तुमच्या वाण्याचा आणि भाजीवाल्याचा भाव घालून बेरीज पुन्हा करा. आकडे हलतील, पण क्रम सहसा हलत नाही.

आधी सगळं घरी. एक किलो कणकेच्या मध्यम पोळ्या पंचवीस ते तीस होतात. चौघांना १२ पोळ्या म्हणजे साधारण ४५० ग्रॅम कणीक. गहू आणून दळून घेतला तर दळणासकट ४५ रुपये किलो धरा, म्हणजे २० रुपये. तेल आणि गॅसचे १०. पोळ्या झाल्या ३० रुपयांत. तूरडाळ १४० रुपये किलोने १२० ग्रॅम घेतली तर १७ रुपये, फोडणी, गूळ, आमसूल धरून आमटीचे २५. पावकिलो तांदळाचे १५, अर्धा किलो भाजीचे ४०, दाण्याचं कूट घातलेल्या काकडीच्या कोशिंबिरीचे १५, उरलेल्या गॅसचे १५. सगळं मिळून १४० रुपये, माणशी ३५. आठवड्याचे पाच दिवस धरले तर ७००.

यापेक्षा स्वस्त काही नाही, हे कुणीही सांगेल. अडचण अशी की हा आकडा पाचही दिवस स्वयंपाक झाला तरच खरा. गाडी चुकली, मीटिंग लांबली, कणीक मळायचा कंटाळा आला, की चौघांसाठी बाहेरून मागवायचं. डिलिव्हरी आणि पॅकिंगसकट ६०० रुपये कुठे गेले कळत नाही. आठवड्यातून एकदा असं झालं तर चार दिवसांचे ५६० आणि वरचे ६००, म्हणजे ११६०. दोनदा झालं तर १६२०.

आता दुसरा मार्ग. पोळी-भाजी केंद्रातली पोळी १० रुपयांना धरली तर १२ पोळ्यांचे १२०. घरच्या हिशेबातले पोळ्यांचे ३० वजा करून हे घातले की रोजचे २३० होतात, आठवड्याचे ११५०. म्हणजे सगळं घरी करून आठवड्यातून एकदा मागवणारं घर आणि रोज विकतच्या पोळ्या आणणारं घर, दोघांचा खर्च जवळपास सारखाच. फरक इतकाच की दुसऱ्या घरात पाचही दिवस ताजी आमटी आणि भाजी असते, आणि लाटणं-पोळपाट धुवायला पडत नाही.

कारण वेळ खाते ती पोळी. आमटी-भात कुकरमध्ये आपापले शिजतात, भाजी एकीकडे परतली जाते. पण मळा, तिंबा, लाटा, भाजा, ओटा पुसा यात अर्धा-पाऊण तास माणूस शेगडीपुढून हलत नाही. ‘आज स्वयंपाक नको’ असं जेव्हा म्हणतो तेव्हा नव्वद टक्के वेळा म्हणायचं असतं ‘आज पोळ्या नकोत’. (सकाळीच कणीक मळून फ्रिजमध्ये ठेवायचा उपाय आहे. वरून तेलाचा हात लावून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली तर रात्री चालते. दुसऱ्या दिवशी मात्र ती काळपट पडते आणि पोळ्या वातड होतात. दोन दिवसांची मळून ठेवण्यात राम नाही.)

विकतच्या पोळ्यांचे तोटेही सांगायला हवेत. केंद्रातली पोळी घरच्यापेक्षा लहान असू शकते, त्यामुळे घरी १२ पुरतात तिथे १४ लागतील. गरम पोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिल्या की घरी येईपर्यंत घामेजतात आणि खालच्या दोन चिकटतात. सुती फडकं आणि डबा घेऊन जाणं बरं. रात्री साडेआठनंतर गेलात तर बऱ्याचदा ‘संपल्या’ ऐकावं लागतं, तेव्हा सकाळी फोन करून ठेवलेला चांगला. गणपती-दिवाळीत केंद्रं बंद असतात, ते वेगळंच.

याच मार्गाचा दुसरा प्रकार म्हणजे पोळ्यांपुरत्या मावशी लावणं. महिन्याला २००० धरले आणि कणीक-तेल-गॅस आपला, तर खर्च विकतच्या पोळ्यांएवढाच येतो. पण मावशी सकाळी येऊन ऑफिसच्या आणि शाळेच्या डब्याच्याही पोळ्या करणार असतील तर पारडं त्यांच्याकडे झुकतं. रात्री त्याच पोळ्या तव्यावर तूप सोडून गरम करायच्या. अट एकच : सुट्ट्यांचं आणि सणाला जास्तीच्या कामाचं आधी बोलून घ्या. ते अर्धवट राहिलं की दोन्हीकडून कुरबुर सुरू होते.

डब्याचं थोडक्यात. चार पोळ्या, भाजी, आमटी, भात असा भरलेला डबा १०० रुपयांना धरला आणि घरात दोन लहान मुलं असली, तर तीन डब्यांत चौघं जेवतात. रोजचे ३००, आठवड्याचे १५००. महाग वाटतं खरं, पण वरचा आकडा पुन्हा बघा : आठवड्यातून दोनदा बाहेरून मागवणाऱ्या घराचे १६२० होतात. ते घर ‘आम्ही डबा लावत नाही, परवडत नाही’ म्हणत असेल तर त्यांनी एकदा कागद-पेन घेऊन बसावं. अर्थात डब्यात आठवड्यातून दोन-तीनदा बटाटा येतो, पालेभाजी क्वचित, आणि मुलं तिसऱ्या आठवड्यात नाक मुरडायला लागतात. पुण्यातल्या जुन्या खानावळींचा रविवार संध्याकाळी बंद ठेवायचा रिवाज अनेक डबेवाल्यांनीही उचलला आहे. आपल्या पाच दिवसांच्या हिशेबाला त्याची आडकाठी नाही.

माझं मत विचाराल तर चार माणसांच्या घरासाठी दुसरा मार्ग, पण त्यात एक बदल करून : आठवड्यातले दोन दिवस पोळीलाच सुट्टी द्यायची.

एक दिवस खिचडीचा. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ, कुकरमध्येच फोडणी, तीन शिट्ट्या. सोबत ताकाची कढी आणि भाजलेला पापड. तुपासकट चौघांचे १०० रुपयेही होत नाहीत आणि कुकर गार होईस्तोवर कढी उकळलेली असते. दुसरा दिवस चकोल्यांचा, म्हणजे वरणफळांचा. कणकेत हळद, तिखट, ओवा, मीठ घालून घट्ट मळायची, चार-पाच जाडसर पोळ्या लाटून सुरीने शंकरपाळ्यासारख्या कापायच्या आणि उकळत्या आमटीत एकेक सोडायच्या. आमटी नेहमीपेक्षा सैल हवी, कारण चकोल्या पाणी पितात. दहा-बारा मिनिटांत दाटपणा येतो. एकदम ओतल्या तर गोळा होतो, म्हणून सोडताना डाव फिरवत राहायचा. वरून तूप, आणि असेल तर लिंबू. चार-पाच पोळ्या लाटायच्या आहेत हे खरं, पण त्या भाजायच्या नाहीत आणि गोल व्हायची सक्ती नाही, त्यामुळे नवशिक्यालाही जमतं.

दोन दिवस १०० प्रमाणे २०० आणि तीन दिवस २३० प्रमाणे ६९०, मिळून ८९०. सगळं घरी करण्यापेक्षा आठवड्याला १९० रुपये जास्त, म्हणजे बाहेरून मागवलेल्या एका जेवणाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी.

उरलेल्या तीन दिवसांत एक दिवस उसळ ठेवा. मटकी रविवारी रात्री भिजत घातली, सोमवारी सकाळी फडक्यात बांधली, की मंगळवारी मोड तयार. थंडीत अर्धा दिवस जास्त द्यावा लागतो. पावसाळ्यात तर उसळींवरच भिस्त ठेवावी, कारण तेव्हा पालेभाजी महाग आणि वर चिखलाने भरलेली. २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटो शंभरीच्या पार गेला तेव्हा चिंच-गुळाच्या आमटीवाल्यांचं काहीच अडलं नाही. उलट डिसेंबर-जानेवारीत मेथी आणि मटार स्वस्त होतात, तेव्हा डाळी जरा मागे सारल्या तरी चालतं. अंडी खाणाऱ्यांनी सहा अंड्यांची बुर्जी भाजीच्या खर्चात धरावी, फारसा फरक पडत नाही.

फक्त दोन माणसं असतील, त्यातही वयस्कर, तर हे गणित उलटतं. दोघांसाठी फोडणी, गॅस आणि भांडी चौघांच्या निम्मी होत नाहीत, भाजी उरते आणि टाकली जाते. तिथे एक भरलेला डबा दोघांत घ्यावा, घरी थोडा भात आणि ताक करावं. १२०-१३० रुपयांत भागतं. डबा ठरवताना भाजीच्या चवीइतकंच खाड्याचं विचारून घ्या : आदल्या रात्री कळवलं तर पैसे कापतात का, महिन्यात किती खाडे धरतात, आणि सलग चार दिवस गावाला गेलं तर काय. काही ठिकाणी तीनच्या वर खाडे धरत नाहीत, आणि ते महिना संपताना कळतं.