साठ लिटरची टाकी, झाकणासकट

समुद्री माशांची टाकी घ्यायला निघालात तर खिशात मेझर टेप टाका. मी नेली नव्हती, 14 हजारांना पडलं.

मुंबईतल्या एका दुकानदाराने छातीठोक सांगितलं, “साठ लिटर आहे, दादा. नव्या माणसाला एवढीच पुरते. मोठी घ्याल तर साफसफाईतच मराल.” मग साठ लिटरच्या हिशोबाने सव्वादोन किलो समुद्री मीठ तोलून दिलं, जिवाणूंची एक बाटली, दोन क्लाऊनफिश, आणि मुलीने बोट दाखवलं म्हणून एक ब्लू टँग. बाटली ओतली की लगेच मासे सोडा म्हणाला. खारटपणा मोजायला काही द्या म्हटलं तर हसला, “तोलून दिलंय ना मीठ!”

घरी आरओच्या पाण्याचे 20 लिटरचे तीन जार आणून ठेवले होते. टाकी दोनातच भरली. तिसरा तसाच उभा. तेव्हाच ट्यूब पेटायला हवी होती, पण मुलीची घाई. मी मीठ सगळं ओतून मोकळा झालो. सकाळी तिन्ही मासे आडवे.

मग टेप लावली. आतून 50 × 30 × 35 सेंमी. काठोकाठ भरली तरी साडेबावन्न लिटर. वरची मोकळी जागा आणि दगड-वाळू वजा करा, उरले चाळीस. साठ आले कुठून? पठ्ठ्याने दिव्याच्या झाकणाची पाच सेंमी उंचीही धरली होती! लिटरला 35 ग्रॅम क्षार हवेत, तिथे पन्नासच्या वर गेले.

अर्थात मीठ बरोबर असतं तरी ते मासे टिकले नसते. माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू बसेपर्यंत नवी टाकी चार ते सहा आठवडे बिनमाशांची चालवायची असते. शिवाय पाणी उडतं, मीठ मागे राहतं. मे महिन्यात चाळीसातलं दीड लिटर गेलं की खारटपणा चढलाच. 3 × 1.5 × 1.5 फुटांच्या टाकीत, म्हणजे 190 लिटरमध्ये, तेवढ्याने काही बिघडत नाही. (उडालेलं पाणी साध्या आरओने भरायचं, खाऱ्याने नाही.) आणि तो टँग पुढे फूटभर होतो. दीड फुटी टाकीत वळणार तरी कसा?

परत गेलो तर म्हणाला, “नाजूक असतात, दादा,” आणि दुसरी जोडी निम्म्या भावात देऊ केली. बिल काढून पाहिलं: ‘अ‍ॅक्वेरियम सेट, 1 नग’. लिटरचा आकडा कुठेच नाही.