मोझॅकवर बसवलेली व्हिनाइलची जमीन: सोळा महिन्यांनंतरचा अनुभव

पुण्यात सहकारनगर भागातल्या आमच्या इमारतीचे बांधकाम 1987 सालचे असून तिसऱ्या मजल्यावरच्या घरात तेव्हापासून राखाडी मोझॅकच्या 10 इंची लाद्या होत्या. त्यांचे पॉलिश केव्हाच उतरले होते आणि दाराजवळच्या दोनतीन लाद्या पाय पडला की पोकळ वाजत असत. जमीन बदलायची हे ठरले होते, पण लाद्या फोडायच्या म्हणजे लिफ्ट नसलेल्या इमारतीत तीन जिन्यांवरून राडारोडा खाली नेणे, निदान महिनाभर दुसरीकडे राहणे, आणि गुडघ्यांनी त्रस्त असलेल्या एकोणऐंशी वर्षांच्या सासूबाईंना या वयात हलवणे. म्हणून जुन्या लाद्यांवरच बसणारी क्लिक पद्धतीची, म्हणजे कडा एकमेकींत अडकवून बसवायची, व्हिनाइलची (प्लास्टिकची) फळी आम्ही निवडली. नोव्हेंबर 2023 मध्ये हॉल, पॅसेज आणि दोन्ही झोपण्याच्या खोल्यांमध्ये मिळून 540 चौरस फुटांवर ती बसवली; स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मुद्दाम वगळले. त्यानंतर एक पूर्ण उन्हाळा, एक पावसाळा, गणपती आणि दिवाळी या जमिनीवरून गेल्यानंतर हा अनुभव लिहीत आहे.

आम्ही घेतलेला प्रकार एसपीसी म्हणून विकला जातो. त्याचा गाभा चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी यांच्या मिश्रणाचा असतो, त्यावर लाकडाच्या नक्षीचा छापील थर, त्यावर झीज सोसणारा पारदर्शक थर, आणि तळाला कारखान्यातच चिकटवलेला पातळ फोम. आमच्या फळीची जाडी फोमसह 6 मिलिमीटर आणि वरचा पारदर्शक थर 0.5 मिलिमीटर आहे. दुकानदाराने 0.3 मिलिमीटरचा स्वस्त माल आधी दाखवला होता, पण रोजच्या वापराच्या घरात या थरावर पैसे वाचवू नयेत असे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे. 1220 बाय 180 मिलिमीटरच्या दहा फळ्यांचा एक बॉक्स, असे पंचवीस बॉक्स घेतले. भाव 125 रुपये चौरस फूट, त्यावर 18 टक्के जीएसटी, बसवण्याची मजुरी वेगळी 20 रुपये चौरस फूट. स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी लावायची पट्टी), दारांमधल्या पट्ट्या आणि दारे खालून रंधून घेण्याचा सुताराचा खर्च धरून एकूण हिशेब एक लाख बारा हजारांच्या आसपास गेला. मोजमापापेक्षा जवळजवळ दहा टक्के माल जास्त घेतल्यामुळे एक अख्खा बॉक्स आणि काही सुट्या फळ्या उरल्या. हा उरलेला माल परत न करण्याचा निर्णय पुढे किती उपयोगी पडला, ते खाली येईलच.

काम दोन दिवसांत झाले आणि ते पाहण्यासारखे होते. फळीवर सुरीने एक खोल रेघ मारायची आणि गुडघ्यावर धरून झटका दिला की ती सरळ तुटते. करवतीची गरज फक्त चौकटीभोवतीच्या वळणांना आणि शेवटच्या ओळीतल्या उभ्या कापांना लागली. आमच्या घराच्या भिंती गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसल्यामुळे हॉलमधली शेवटची ओळ एका टोकाला चार इंच आणि दुसऱ्या टोकाला तीन इंच अशी निमुळती कापावी लागली. शेजारच्या ओळींमधले आडवे जोड एकमेकांपासून निदान फूटभर दूर राहतील याकडे कारागिराने नीट लक्ष दिले. मात्र ज्या गोष्टीकडे सर्वांत आधी लक्ष द्यायला हवे होते, ती आम्हा सर्वांकडून निसटली. खालची जमीन कोणीही मोजली नाही. दुकानाच्या कोटेशनमध्ये लेव्हलिंगची, म्हणजे जमीन सपाट करून घेण्याची, एक ओळ होती आणि तिच्यापुढे 'गरजेनुसार, वेगळे' असे लिहिले होते. गरज आहे की नाही हे ठरवायला ना पाणसळ (सपाटी तपासायचे साधन) आणली गेली, ना फंटी (गवंड्याची लांब सरळ पट्टी). मी विचारले तेव्हा कारागीर म्हणाला, "ताई, खाली फोम आहे ना, सगळं बसून जाईल." रंग निवडण्यासाठी आम्ही तीन दुकाने आणि दोन रविवार घालवले होते, तितका वेळ सोडाच, पण अर्धा तास जरी या प्रश्नाला दिला असता तरी पुढचा त्रास टळला असता.

पहिले काही महिने अतिशय समाधानाचे गेले. डिसेंबर आणि जानेवारीत पुण्यातल्या पहाटे मोझॅकवर अनवाणी पाय ठेवणे नको वाटायचे. फळी तितकी गार लागत नाही, आणि सासूबाईंनी घरात मोजे घालणे सोडले. "पायाला बोचत नाही गं आता," असे त्या आल्यागेल्याला सांगत. वास दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवल्यावर गेला. वाळवीचा प्रश्न नाही, कारण यात लाकूडच नाही. आमच्या खालच्या मजल्यावर लाकडी भुश्याच्या गाभ्याच्या लॅमिनेट फळ्या पाणी लागून कडांना फुगलेल्या मी पाहिल्या होत्या, त्यामुळे ही निवड योग्य वाटली.

मार्चच्या सुमारास हॉल आणि पॅसेज जिथे मिळतात तिथे पाऊल पडले की 'टक्' असा बारीक आवाज येऊ लागला. आधी तो क्वचित येई, मग दर पावलाला येऊ लागला आणि त्या जागी जमीन किंचित दबते हे तळव्याला जाणवू लागले. मे महिन्यात तिथला एक आडवा जोड उघडला. फट नखाच्या जाडीची होती, पण तिच्यात केरकचरा जमून ती काळ्या रेघेसारखी दिसे आणि झाडूने निघत नसे. दुकानाकडे तक्रार केली तेव्हा 'वापरताना जड वस्तू ओढली असेल' असे उत्तर मिळाले. वॉरंटी कार्डावर मात्र स्पष्ट लिहिले होते की खालची जमीन दोन मीटर अंतरात तीन मिलिमीटरहून अधिक उंचसखल असल्यास वॉरंटी लागू नाही. हे कार्ड बॉक्समध्ये होते आणि ते आमच्या हाती फळ्या बसवून झाल्यावर आले.

शेवटी जूनच्या सुरुवातीला दुसऱ्या कारागिराला बोलावून स्कर्टिंग काढले आणि भिंतीकडून नऊ ओळी उलगडल्या. क्लिक पद्धतीचा हा मोठा गुण आहे की ज्या क्रमाने बसवले त्याच्या उलट क्रमाने जमीन उकलता येते. डिंकाने चिकटवलेली असती तर फळ्या फोडूनच काढाव्या लागल्या असत्या. खाली जे दिसले ते मी विसरणार नाही. मोझॅकचा मूळ खळगा होता तसाच होता आणि पहिल्या कारागिराने त्यात फोमचे तळहाताएवढे सुटे तुकडे एकावर एक ठेवून तो भरला होता. ते तुकडे वजनाने दबून पापडासारखे चपटे झाले होते. दोन फळ्यांच्या कडेची जीभ, जी शेजारच्या फळीच्या खाचेत अडकून सगळी जमीन एकसंध धरते, ती मधोमध चिरली होती आणि तिची राखाडी भुकटी लाद्यांवर पसरली होती. या नव्या कारागिराने सहा फुटी फंटी आडवी ठेवली आणि मी मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी उभी धरून खालची फट मोजली. ती सहा मिलिमीटर भरली. फोमवर आणखी फोम घातला की जमीन मऊ होते, पण जोडाला आधार मिळत नाही, आणि दर पावलाला त्याच दोन-तीन मिलिमीटरच्या जिभेवर सगळा ताण येतो, हे त्याने तुटलेला तुकडा हातात देऊन मला समजावले. मग पोकळ वाजणारी लादी काढून पुन्हा बसवली, लाद्यांवर प्राइमरचा हात दिला, सिमेंटचे सेल्फ लेव्हलिंग कंपाउंड (आपोआप सपाट पसरणारे पातळ मिश्रण) ओतून थापीने सारखे केले, आणि दुसऱ्या दिवशी ते पक्के झाल्यावर त्याच फळ्या परत लावल्या. तुटलेल्या दोन फळ्यांच्या जागी उरलेल्या बॉक्समधल्या लावल्या. बॅच तीच, म्हणजे माल एकाच खेपेत तयार झालेला, असल्यामुळे त्या कुठे आहेत हे आज मलाही चटकन सांगता येत नाही. कंपाउंड आणि मजुरी मिळून साडेसात हजार रुपये लागले. तेव्हापासून त्या जागी आवाज नाही आणि जोड उघडलेला नाही.

दुसरी अडचण उन्हाची. ही जमीन लाद्यांना चिकटलेली नसते, ती तरंगती असते आणि तापमानाप्रमाणे थोडी वाढते व आक्रसते. म्हणून प्रत्येक भिंतीपाशी आठ ते दहा मिलिमीटर जागा मोकळी सोडतात आणि ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. आमच्या गॅलरीच्या सरकत्या दारापाशी स्कर्टिंग नव्हते. कारागिराने जागा बरोबर सोडली होती, पण नंतर आलेल्या रंगाऱ्याने ती फट वाईट दिसते म्हणून पांढऱ्या सिमेंटने भरून टाकली आणि आम्हीही त्याला छान म्हटले. दार पश्चिमेला आहे. एप्रिलमध्ये दुपारी तीननंतरचे ऊन थेट आत येऊ लागले आणि एका आठवड्यात दारापासून दीड फुटावर दोन ओळींच्या जोडाची जागा पोळी फुगू लागावी तशी वर उचलली गेली. सकाळी ती बसत असे, संध्याकाळी पुन्हा उठत असे. सिमेंट खरवडून काढले, फळीची कड थोडी कापली आणि वरून ॲल्युमिनियमची पट्टी बसवली. या पट्टीचे स्क्रू मोझॅकमध्ये गेले पाहिजेत, फळीतून नव्हे, कारण स्क्रूने फळी खिळली की तिचे सरकणे थांबते आणि तोच प्रकार दुसरीकडे उद्भवतो. याच कारणासाठी जमिनीवर बसवायचा दाराचा स्टॉपर आम्ही भिंतीवर घेतला. गॅलरीला आता जाड पडदा आहे आणि मागची दहा महिने तिथे काही झालेले नाही.

पाण्याबद्दल विकणारे जे सांगतात ते खरे आहे, पण अर्धेच. फळी पाण्याने खराब होत नाही. तरीही जुलैत एका रात्री गॅलरीचे दार उघडे राहून पावसाचे पाणी आत आले तेव्हा वरचे पाणी आम्ही पाच मिनिटांत पुसले, आणि दोन दिवसांनी त्या कोपऱ्यात ओल्या पोत्यासारखा कुबट वास येऊ लागला. कडेने खाली गेलेल्या पाण्याला वर यायला वाट नसते. स्कर्टिंग आणि तीन ओळी काढल्यावर मोझॅकवर पाण्याचे थेंब तसेच उभे होते. पंखा लावून दीड दिवस वाळवल्यावर परत बसवले. ज्या घरात सणाच्या आधी बादलीने पाणी ओतून जमीन धुण्याची पद्धत आहे, तिथे ती पद्धत सोडण्याची तयारी असेल तरच हा प्रकार घ्यावा, आणि स्वयंपाकघर व न्हाणीघर वगळण्याच्या निर्णयाबद्दल मला आजही यत्किंचित शंका नाही. ओटा आणि पक्की कपाटे तरंगत्या जमिनीवर बसवायची नसतात, हे तर आहेच.

रोजच्या निगेत घट्ट पिळलेले फडके आणि पाण्यात थोडासा साधा द्रवसाबण एवढे पुरते. तांबूस रांगोळी फळ्यांमधल्या बारीक खाचेत अडकते, तिला जुना मऊ टूथब्रश लागतो. गणपतीत उदबत्तीचे निखाऱ्याचे टोक पडून मोहरीएवढा काळा ठिपका झाला आहे, तो जाणार नाही. रबराच्या तळाचे पायपुसणे मात्र कृपया ठेवू नका: चार महिन्यांनी ते उचलले तेव्हा खाली पिवळट तपकिरी चौकोन उमटला होता आणि तो कशानेही निघत नाही, कारण तो वर बसलेला मळ नसून रबरातल्या द्रव्यांनी व्हिनाइलचाच रंग पालटलेला असतो. लोखंडी कपाटाच्या पायांखाली प्लायचे चौकोन दिले, खुर्च्यांना फेल्टच्या टिकल्या लावल्या. खुर्ची ओढल्याचे काही बारीक ओरखडे तिरप्या उन्हात दिसतात, एरवी नाही.

कोणी विचारले तर मी याच प्रकाराची, याच जाडीची फळी पुन्हा घेईन, पण पैसे देण्याआधी दुकानदाराला घरी बोलावून रिकाम्या खोलीत फंटी फिरवायला लावीन, खळगे खडूने आखून घेईन आणि लेव्हलिंगचा आकडा कोटेशनमध्ये लिहून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देणार नाही. जुन्या इमारतीतला मोझॅक डोळ्यांना सपाट दिसतो. तो तसा आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही.

उरलेल्या फळ्या पलंगाखाली आडव्या ठेवल्या आहेत आणि बॅच क्रमांक कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवला आहे. दुसऱ्या खोलीत, मुलीच्या टेबलाशेजारी, गेल्या पंधरवड्यापासून तोच 'टक्' आवाज ऐकू येऊ लागला आहे. जीभ तुटण्याआधीच तिथला भाग उलगडायचा म्हणून तिची परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशीसाठी कारागिराला सांगून ठेवले आहे.