बेळगावात प्लॉट घ्यावा की फ्लॅट? बाहेर नोकरी करणाऱ्यांसाठी

मस्कतला असताना मी दोन्ही घेतले. आधी प्लॉट, सहा वर्षांनी फ्लॅट. त्यामुळे सुट्टीवर आलेली गावची पोरं चहाला बसली की हाच प्रश्न काढतात.

खरं तर बऱ्याच जणांच्या मनात तिसरंच असतं: खानापूरकडे दोन-चार एकर. ते आधी डोक्यातून काढा. 2020 च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते, पण परकीय चलनाच्या फेमा कायद्याप्रमाणे अनिवासी भारतीयाला शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते. ‘भावाच्या नावावर घेतो’ म्हणणाऱ्यांनी आधी वकिलाकडून बेनामी व्यवहाराचा कायदा समजून घ्यावा.

आता प्लॉट. शहराच्या कडेला गुंठ्यावर मिळणारे प्लॉट स्वस्त दिसतात. ‘सगळे असेच घेतात, बॉण्डवर करू’ असं एजंट सांगतो. बॉण्डपेपरवर मालकी येत नाही, खरेदीपत्र रजिस्टर व्हावं लागतं. जमीन बिनशेती झालेली, लेआउट बुडाने (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाने) मंजूर केलेला आणि ई-खाता, म्हणजे मालमत्तेचा ऑनलाइन उतारा, निघालेला हवा. ईसी, म्हणजे जागेवरच्या बोजांचा नोंदणी कार्यालयाचा दाखला, काढाच, पण तिच्यावर विसंबू नका, कारण तिच्यात फक्त नोंदणी झालेले व्यवहार दिसतात. विकणाऱ्याच्या बहिणींचा हिस्सा तिच्यात दिसत नाही. जमीन वडिलोपार्जित असेल तर त्यांच्या सह्या घ्या. आणि कागद कन्नडमध्ये असतात. आमच्या घरात कन्नड नीट वाचणारी एकटी वहिनी. तिने चतु:सीमा मोठ्याने वाचल्या तेव्हा कळलं की रस्ता पूर्वेला लिहिलाय आणि जागेवर तो उत्तरेला आहे. नोंदणीआधी कळलं म्हणून निभावलं.

प्लॉटचा खरा खर्च नंतर सुरू होतो. दुसऱ्या वर्षी गणपतीला आलो तर कमरेएवढं गवत, चार कोपऱ्यांच्या दगडांपैकी दोन गायब आणि एका कडेला शेजाऱ्याची पिंजराची गंजी. माणूस चांगला होता, ‘रिकामीच होती की जागा’ म्हणाला. मोजणी आणि कंपाउंड यांत माझी अख्खी सुट्टी गेली. प्लॉट भाडं देत नाही. किंमत मात्र जमिनीची वाढते, जुन्या भिंतींची नाही. ही त्याची जमेची बाजू, आणि ती मोठी आहे.

फ्लॅटचं उलटं. टिळकवाडी-हिंदवाडीकडे भाडेकरूला तोटा नाही, आणि दाराला कुलूप असलं की गंजी कोणी रचत नाही. बांधकाम चालू असलेला घेतलात तर जीएसटी लागतो, पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्यावर नाही. लांब बसून अर्धवट इमारतीत पैसे घालू नका. आठपर्यंत फ्लॅटची छोटी इमारत रेरात, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे, नोंदवावी लागत नाही, म्हणजे तक्रारीचा तो दरवाजाही बंद. भाड्याची एक गोम आहे: मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने 31.2 टक्के टीडीएस कापायचा असतो, भाडं कितीही कमी असो. बहुतेकांना ते माहीतच नसतं. कापला तर रिटर्न भरून जादा रक्कम परत मागता येते.

विकताना दोन्ही सारखेच छळतात. दोन वर्षांनंतर विकलं तर नफ्यावर 12.5 टक्के कर, पण गिऱ्हाइकाला टीडीएस कापावा लागतो तो नफ्यावर नाही, पूर्ण किमतीवर. तो घाबरतो. कमी कपातीचा दाखला आधीच आयकर खात्याकडून काढून ठेवा. पैसे एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या इथल्या रुपयांच्या खात्यात, येतात. तिथून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, आपल्यासारख्यांना ती मर्यादा कुठली आडवी येणार!

कुलमुखत्यारपत्र वकिलातीत करून पाठवलंत तर ते इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लावून घ्या. माझं मामेभावाच्या कपाटात पाच महिने पडून होतं. सगळं पुन्हा केलं.

माझं मत विचाराल तर महिन्यातून एकदा प्लॉटवर चक्कर मारणारं घरचं माणूस असेल तर प्लॉट. नसेल तर तयार फ्लॅट, कमी कमाई झाली तरी. माझ्या प्लॉटला आता कंपाउंड आहे, गेट आहे, कुलूप आहे. किल्ली मामेभावाकडे असते. तो गेल्या महिन्यात मुलाकडे पुण्याला राहायला गेला.