थेरेमिन आणि दोन सॅक्सोफोन : आठ महिने वाजवल्यावर

जूनमध्ये घेतलं, आता जानेवारी संपत आला. थेरेमिन म्हणजे एक इलेक्ट्रॉनिक वाद्य; माझं दोन अँटेनांचं, साधं अॅनालॉग. बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या जुन्या घरात एक आल्टो आणि एक टेनर सॅक्सोफोन सोबत घेऊन मी त्यावर वीस मिनिटांची रचना बसवतोय.

वाद्याला हात लावायचाच नाही. लेव्ह तेरमेननं 1920 च्या सुमारास रशियात ते बनवलं. आत दोन रेडिओ-आंदोलक. उजवा हात उभ्या अँटेनाजवळ गेला की एकाची कंपनसंख्या बदलते आणि दोघांतला फरक सूर म्हणून ऐकू येतो. डावा हात आडव्या कडीजवळ नेला की आवाज मिटतो.

पावसाळा वैतागात गेला. षड्ज जागेवर राहीना. मी बेळगावच्या दमट हवेला दोष देत होतो, वायरमननं पाहिलं तर पॉइंटला अर्थिंगच नव्हतं! ते झाल्यावर निम्मा त्रास गेला. आता वीस मिनिटं आधी चालू करून ठेवतो.

आल्टोवाले काका आयुष्यभर लग्नाच्या बँडमध्ये वाजवलेले. ते जरा पुढं सरकले की माझा पंचम सरके. माणूस आणि पितळ, दोन्ही अँटेनाला जाणवतं. शेवटी शहाबादी फरशीवर खडूनं रेघ मारली. आल्टोच्या नोटेशनमध्ये लिहिलेली 'सी' वाजते ती आपली काळी दोन, म्हणून सगळं त्याच पट्टीत धरलं.

सुरुवातीला आल्टो आणि थेरेमिन दोघांना एकच चाल दिली होती, ती चूक. आल्टोच्या रीडपुढं थेरेमिनचा गुळगुळीत आवाज बुडतो. थेरेमिन म्हणजे नुसती मींड, त्याला शेजारी उभा सूर लागतो. टेनरला खर्ज धरायला लावला, तेव्हा माझी मींड कुठून कुठं गेली ते ऐकू यायला लागलं. संगीतकार एडगार व्हारेझनं 1934 च्या 'एक्वातोरियाल' या रचनेत ट्रम्पेट-ट्रॉम्बोनांसोबत दोन थेरेमिन ठेवली होती, पुढं त्यांच्या जागी ओंद मार्तनो हे दुसरं इलेक्ट्रॉनिक वाद्य घातलं. त्याला कीबोर्ड असतो, सूर नेमका धरता येतो. तरी मला ही मींडच हवी आहे.

खरी अडचण वेगळीच निघाली. सॅक्सवाला दम घेतो, थेरेमिनला दमच लागत नाही. तिघांचं एकत्र वाजवणं निर्जीव वाटायचं ते त्यामुळं. मग काका जिथं श्वास घेतात तिथं मीही डाव्या हातानं आवाज मिटवायला लागलो. महिनाभर तेवढंच केलं. परवा काका थांबून म्हणाले, "आता हे पण दम घेतंय की ओ!"

वरच्या सप्तकात मात्र अँटेनाजवळ सुरांमधलं अंतर इतकं कमी होतं, की बोट हललं तरी सूर सुटतो. तिथं अजून आल्टोलाच पुढं पाठवतो.