ब्लूफिन ट्यूनासाठी रिळाचा आकार: 30, 50, 80 की 18000?

सोलापुरात बसून ब्लूफिन ट्यूनासाठी रीळ निवडण्याचा प्रश्न पडावा, हे ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटेल. पण ज्यांची मुले, भाचे, पुतणे नोकरीनिमित्त बोस्टनच्या बाजूला स्थायिक झाले आहेत आणि ज्यांनी उजनीच्या काठावर गळ टाकण्यात आयुष्यातील बरेच रविवार घालवले आहेत, त्यांच्यापुढे तो अगदी सहज येतो. माझ्या भाच्याने तिकडे मित्रांबरोबर बोटीत भागी घेतली आणि रिळांची चार छायाचित्रे पाठवून विचारले, “मामा, यांतले कोणते घेऊ? तुम्हीच ठरवा.” पुढील तुलना त्या उत्तरासाठी केलेल्या अभ्यासातून उभी राहिली आहे.

हा मासा आपल्या किनाऱ्यावरचा नव्हे, हे आधी स्पष्ट करायला हवे. कोकणात ज्याला कुपा किंवा गेदर म्हणतात, ते ट्यूनाच्याच कुळातले असले तरी वेगळे मासे आहेत. अटलांटिक ब्लूफिन उन्हाळ्यात आणि शरदात केप कॉड, ग्लॉस्टर आणि त्याहून उत्तरेला कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियापर्यंत चरायला येतो. तिथेच 1979 साली गळाला लागलेल्या माशाचे वजन 1496 पौंड, म्हणजे सुमारे 679 किलो भरले आणि तो विक्रम आजही अबाधित आहे. शिवाय हा मासा आपल्या स्नायूंतील उष्णता शरीरातच राखून ठेवतो. त्यामुळे थंड पाण्यातही त्याची ताकद टिकते, आणि पहिल्या धडकेत तो दोनतीनशे मीटर दोर ओढून नेतो.

आकड्यांचा घोळ इथूनच सुरू होतो. आडव्या फिरकीच्या मोठ्या रिळांवरील 30, 50, 80, 130 हे आकडे मुळात दोराच्या पौंडातील ताकदीवरून पडले. 50 च्या रिळावर 50 पौंडी तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकेरी दोर, भरावी, असा त्याचा अर्थ होता. आज त्याच रिळावर विणीव दोर, म्हणजे ब्रेड, 80 ते 130 पौंडी भरला जातो आणि त्यापुढे थोडी तंगूस जोडली जाते, म्हणून आकडा आता केवळ अंगलोट सांगतो. त्यामागे ‘डब्ल्यू’ हे अक्षर असेल, तर फिरकी रुंद आहे आणि दोर जास्त मावतो. स्पिनिंग रिळांच्या, म्हणजे आमिष दूर फेकण्यासाठीच्या, फिरकी रॉडच्या दिशेने असलेल्या रिळांच्या आकड्यांना तर कंपन्यांमध्ये सामाईक अर्थच नाही. शिमानो आणि दायवा ज्या वर्गाच्या रिळाला 14000 किंवा 18000 म्हणतात, त्याच वर्गासाठी पेन ही कंपनी 8500 किंवा 10500 लिहिते. त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून लहानमोठे ठरवणे ही पहिली चूक ठरते.

दुसरी चूक अधिक खोल आहे आणि ती मी स्वतः उजनीत केली आहे. 4000 आकाराचे लहान रीळ, त्यावर गरजेपेक्षा जाड तंगूस आणि पलीकडे मोठा कटला, असा तो प्रसंग होता. ड्रॅग, म्हणजे दोर सुटताना त्याला रोखून धरणारा ब्रेक, मी नीट जुळवला होता. तरीही माशाने बराच दोर नेल्यावर, मी कशालाही हात लावलेला नसताना, तंगूस तुटली. माझ्यासोबत साखर पेठेतील एक जुने विणकर बसले होते. ते शांतपणे म्हणाले, “बीम बारीक झाला की वजन कमी करायला नको का?”

यंत्रमाग ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना हे लगेच उमगेल. ताण्याच्या बीमला, म्हणजे उभे धागे गुंडाळलेल्या रुळाला, दोर गुंडाळून त्यावर वजन टांगलेले असते. सूत संपत जाते तसा बीम बारीक होतो, आणि वजन तेवढेच ठेवले तर धाग्यावरचा ताण वाढत जाऊन धागे तुटू लागतात, म्हणून विणकर वजन हळूहळू उतरवतो. रिळात नेमके हेच घडते. ब्रेकची पकड तीच राहते, पण भरलेल्या फिरकीचा व्यास दोन तृतीयांश उरला की दोरावरील ताण दीडपट होतो. म्हणजे 12 किलोवर जुळवलेला ड्रॅग माशाच्या एका लांब धडकेनंतर, आपण काहीही न करता, 18 किलोवर जातो. त्यात पाण्यातून ओढल्या जाणाऱ्या लांबलचक दोराचा विरोध आणखी मिळतो.

मोठ्या रिळाच्या बाजूचा खरा मुद्दा हा आहे. ‘जास्त दोर मावतो’ एवढेच सहसा सांगितले जाते. पण मोठ्या फिरकीवरून तीनशे मीटर दोर गेला तरी तिचा व्यास फारसा घटत नाही आणि ताण आपल्या अंदाजात राहतो, हा फायदा त्याहून मोलाचा आहे. ड्रॅग किती ठेवावा, याचा रूढ नियम दोराच्या ताकदीच्या साधारण एक तृतीयांश असा आहे. 80 पौंडी, म्हणजे 36 किलो ताकदीच्या दोरावर तो 12 किलो येतो आणि 130 पौंडी दोरावर 20 किलोच्या जवळ जातो. वीस किलो हा आकडा कागदावर लहान दिसतो. हलत्या बोटीत उभे राहून, कमरेला पट्टा लावून, तो अर्धा तास पेलणे ही वेगळी गोष्ट आहे.

आता पर्यायांकडे वळू. 30 डब्ल्यू आकाराचे रीळ दीड किलोच्या आसपास भरते. हातात धरायला ते सुखाचे आहे, आणि तीस-चाळीस किलोपर्यंतच्या ब्लूफिनसाठी, विशेषतः बोटीमागे आमिष ओढत नेण्याच्या पद्धतीत, पुरेसेही आहे. अडचण अशी की समुद्र आपल्याला विचारून मासा पाठवत नाही. ज्या पाण्यात चाळीस किलोचा मासा आहे, तिथेच दोनशे किलोचाही फिरत असतो, आणि तो लागला की 30 च्या रिळात बीम बारीक होण्याचा प्रकार फार लवकर सुरू होतो.

50 डब्ल्यू सुमारे दोन किलोचे असते आणि माझ्या मते या सगळ्या वर्गाचा तोल इथे साधला जातो. पट्टा आणि हार्नेस लावून माणूस ते उभ्याने वापरू शकतो. 130 पौंडी ब्रेड पुरेशा लांबीचा मावतो. दोन गतींची सोय असते, म्हणजे मासा बोटीखाली जाऊन जड झाला की मुठीवरील खटका दाबून कमी गतीवर यायचे आणि हँडलच्या प्रत्येक फेऱ्यात थोडाच पण नक्की दोर परत घ्यायचा. ही सोय ज्याने अनुभवली नाही, त्याला ती चैन वाटते. शंभर किलोच्या माशाने खाली खोलवर गोल गोल फिरायला सुरुवात केली की तीच मुख्य गरज ठरते.

80 डब्ल्यू तीन किलोच्या घरात जाते आणि 130 तर चार किलोच्या. ही रिळे हातात धरायची नसून बोटीच्या कडेच्या रॉड होल्डरमध्ये वाकड्या बुंध्याच्या रॉडवर किंवा खुर्चीला जोडून वापरायची आहेत. जिवंत आमिष लावून दोनशे किलोंवरच्या माशाची वाट पाहणाऱ्यांसाठी 80 हाच योग्य आकार आहे. 130 बद्दल अधिक लिहिण्याची गरज नाही, कारण ज्याला ते लागते त्याला सल्ला लागत नाही.

स्पिनिंग रिळांची गोष्ट निराळी आहे. मासे पृष्ठभागावर लहान मासळीवर तुटून पडलेले दिसले आणि त्यांच्यात नेमके आमिष फेकायचे असेल, तर आडव्या फिरकीच्या जड रिळाचा उपयोग नाही. तिथे 14000 ते 20000 च्या दरम्यानचे स्पिनिंगच हवे. 14000 आकारात 80 पौंडी ब्रेड साधारण 300 मीटर मावतो आणि वजन पाऊण किलोच्या आत राहते, त्यामुळे दिवसभर फेकत राहता येते. 18000 ते 20000 मध्ये तोच दोर 400 ते 500 मीटरपर्यंत जातो, पण वजन पाऊण किलोच्या पुढे सरकते आणि दुपारनंतर खांदा ते सांगू लागतो. दोर फिरकीवरून एकदम काटकोनात वळत असल्यामुळे स्पिनिंगमध्ये ओढण्याची ताकद कमी पडते आणि कमी गतीची सोय नसते. म्हणून याच वर्गात ‘एक्सजी’ अशी अतिवेगवान आवृत्ती टाळून तिच्याहून कमी वेगाची ‘एचजी’ घ्यावी, असे मला वाटते. वेगाने गुंडाळणे आमिष खेळवताना छान वाटते, मासा लागल्यावर मात्र तोच वेग मनगटावर येतो.

नियमांचाही या निवडीशी संबंध आहे. अमेरिकेत हौशी मच्छीमाराला 27 इंचांपेक्षा लहान ब्लूफिन ठेवता येत नाही. 73 इंच आणि त्यापुढचा मासा, जो साधारण शंभर किलोंवर जातो, त्याच्यासाठी वेगळे आणि अधिक कडक निर्बंध आहेत. बोटीला परवाना लागतो, आणि किती मासे ठेवता येतील हे हंगामाच्या मध्येही बदलते. म्हणजे हौशी परवान्यावर जाणाऱ्याचा बहुतेक हंगाम 73 इंचांच्या आतील माशांवर जातो, आणि त्या मापाला 80 चे रीळ हा नुसताच भार आहे.

सोलापूरहून आयुष्यात एकदोनदा जाणाऱ्याने यातले काहीच विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. भाड्याच्या बोटीवर रॉड-रिळे असतात आणि कप्तानाला ती ठाऊक असतात. तरीही स्वतःचे हवेच असेल, तर 18000 वर्गाचे स्पिनिंग घ्यावे, कारण तेच पुढे अंदमानात यलोफिन आणि मोठ्या ट्रेव्हलीसाठी कामी येते. उत्तम जपानी रिळाची किंमत हजार डॉलरच्या पुढे असते आणि एवढ्या पैशाची वस्तू उजनीच्या चिलापीसाठी कपाटात पडून राहू नये.

भाच्याची परिस्थिती वेगळी आहे, कारण त्याची भागीची बोट आहे आणि ती बहुतेक आमिष ओढत फिरते. त्याला मी 50 डब्ल्यू सांगितले, 130 पौंडी ब्रेडसह. शिवाय ड्रॅगची परीक्षा भरलेल्या फिरकीवर एकदा आणि निम्मा दोर काढून दुसऱ्यांदा घ्यायला सांगितले. त्याने दोर ताणकाट्याला बांधून घराच्या मागच्या अंगणात ती घेतली. पहिल्या खेपेला काटा 15 किलोवर होता, दुसऱ्या खेपेला 19 च्या जरा पुढे. हे आकडे त्याने रिळाच्या पिशवीला चिठ्ठी बांधून लिहून ठेवले आहेत.