फॉग प्रोजेक्ट: लॅबभर पीसी एका इमेजवर आणणारा फुकटचा सर्व्हर

चाळीस पीसींच्या लॅबमध्ये विंडोज, ऑफिस, कंपायलर, टॅली आणि मराठी कीबोर्ड हे सगळं प्रत्येक मशीनवर हाताने चढवायचं म्हटलं की आठवडा जातो, आणि तरी दोन मशीन एकसारखी निघत नाहीत. एक पीसी मनासारखा तयार करावा, त्याची इमेज (डिस्कची हुबेहूब प्रत) सर्व्हरवर घ्यावी आणि ती नेटवर्कवरून बाकीच्या मशीनवर उतरवावी, यासाठी फॉग प्रोजेक्ट आहे. २००७ पासून चालू असलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर लिनक्स सर्व्हरवर चालतं आणि त्याला परवाना शुल्क नाही. हे परीक्षण १.५ मालिकेचं आहे.

निकाल आधी सांगतो. वीस-पंचवीसच्या वर पीसी असतील, त्यातले बरेच एकाच मॉडेलचे असतील आणि स्विच व डीएचसीपी (मशीनना आयपी पत्ता वाटणारी सेवा) हाताळणारा माणूस संस्थेत असेल, तर फॉग डोळे झाकून घ्या. पाच-सात मशीन असतील तर क्लोनझिला या डिस्कची प्रत काढणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरचा पेनड्राइव्ह पुरतो, सर्व्हरचा संसार कशाला मांडायचा? मायक्रोसॉफ्टचं डब्ल्यूडीएस (नेटवर्कवरून विंडोज बसवणारी सेवा) आजवर अनेकांनी वापरलं, पण विंडोज ११ च्या डिस्कमधली बूट फाइल घेऊन थेट सेटअप चालवण्याचा त्याचा रस्ता मायक्रोसॉफ्टनेच बंद केला आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने तिकडे वळू नये.

फॉगची सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे त्याला तगडा सर्व्हर लागत नाही. इमेज दाबण्याचं आणि उलगडण्याचं काम क्लायंट पीसीचा (ज्याची इमेज घेतली किंवा ज्यावर उतरवली जाते त्याचा) प्रोसेसर करतो, सर्व्हर फक्त फाइल देतो आणि घेतो. म्हणून ४ जीबी रॅमचा जुना डेस्कटॉपही चालतो. पैसे घालायचे तर डिस्क आणि गिगाबिट नेटवर्क यांत घाला. ५० जीबी भरलेली विंडोज झेडस्टँडर्ड या कॉम्प्रेशन पद्धतीने दाबली की साधारण निम्म्यावर येते. अशा दहा-बारा इमेज आणि त्यांच्या मागच्या आवृत्त्या धरून ५०० जीबी ते १ टीबीची वेगळी डिस्क /इमेजेस या फोल्डरला जोडा. सिस्टीमच्या डिस्कवर इमेज ठेवल्या आणि ती भरली, की डेटाबेस बंद पडतो आणि वेब पानही उघडत नाही. नंतर मोठी डिस्क जोडायची वेळ आली तर /इमेजेस आणि /इमेजेस/डेव्ह या दोन्ही ठिकाणी टिंबाने सुरू होणारी ‘एमएनटीचेक’ नावाची रिकामी फाइल लागते. क्लायंट ती शोधतो आणि मिळाली नाही तर सर्व्हरचं फोल्डर जोडलंच गेलं नाही असं समजून थांबतो. टिंबामुळे ती साध्या यादीत दिसत नाही, त्यामुळे कॉपी करताना हमखास राहते.

इन्स्टॉलेशन सोपं आहे. डेबियन किंवा उबुंटू सर्व्हर घ्या आणि सगळ्यात आधी त्याला स्थिर आयपी द्या. हा आयपी पुढे फॉगच्या सेटिंगमध्ये, स्टोरेज नोडमध्ये (इमेज साठवणाऱ्या सर्व्हरच्या नोंदीत) आणि टीएफटीपी (बूट फाइल पुरवणाऱ्या सेवेच्या) फोल्डरातल्या बूट फाइलमध्ये जाऊन बसतो. नंतर बदलला तर तो तिन्ही ठिकाणी हाताने दुरुस्त करावा लागतो. गिटवरून कोड उतरवून बिन फोल्डरातली ‘इन्स्टॉलफॉग’ स्क्रिप्ट चालवली की ती मोजके प्रश्न विचारते. ‘नॉर्मल’ निवडा, ‘स्टोरेज नोड’ दुसऱ्या सर्व्हरसाठी आहे. शेवटाकडे स्क्रिप्ट थांबते आणि ब्राउझरमध्ये पत्ता उघडून डेटाबेस तयार करायला सांगते. ते बटण दाबून परत टर्मिनलवर एंटर द्यायचं असतं. बरेच जण तसंच एंटर दाबतात आणि अर्धवट सर्व्हर घेऊन बसतात. वेबचं सुरुवातीचं नाव ‘फॉग’ आणि पासवर्ड ‘पासवर्ड’ असतो, तो त्याच मिनिटाला बदला. ‘फॉगप्रोजेक्ट’ नावाचं लिनक्स खातं मात्र इन्स्टॉलरचं आहे. त्याने लॉगिन करू नका, त्याचा पासवर्ड बदलू नका. का, ते पुढे येईल.

खरी कसोटी नेटवर्कवर लागते. पीसी नेटवर्कवरून बूट होताना त्याला डीएचसीपीकडून दोन गोष्टी कळाव्या लागतात: ऑप्शन ६६ मध्ये सर्व्हरचा आयपी आणि ऑप्शन ६७ मध्ये बूट फाइलचं नाव. जुन्या बायोसच्या मशीनला ‘अनडीआयओन्ली’ ही फाइल लागते, नव्या यूईएफआयच्या मशीनला ‘आयपीएक्सई’ची ईएफआय फाइल किंवा ‘एसएनपीओन्ली’. दोन्ही जातीची मशीन एकाच लॅबमध्ये असतील तर ६७ मध्ये एकच नाव लिहून भागत नाही. क्लायंटचा प्रकार पाहून वेगळी फाइल देणारा नियम डीएचसीपीत लिहावा लागतो. इंटरनेटवाल्याने दिलेल्या राउटरमध्ये हे ऑप्शन बहुधा नसतातच. तिथे फॉग सर्व्हरवर डीएनएसमास्क हे छोटं सॉफ्टवेअर प्रॉक्सी डीएचसीपी म्हणून चालवा: आयपी राउटरच देतो, बूटची माहिती डीएनएसमास्क पुरवतो. फॉगचा स्वतःचा डीएचसीपी चालू नेटवर्कवर सुरू करू नका. दोन डीएचसीपी भांडायला लागले की ऑफिसचं कामकाजही ठप्प होतं.

सगळं जमलं की पडद्यावर फॉगचा मेनू येतो. नवं मशीन असेल तर वर लाल अक्षरांत ते नोंदलेलं नाही असं दिसतं आणि काही केलं नाही तर तीन सेकंदांत मशीन हार्ड डिस्कवरून सुरू होतं. इथे ‘क्विक रजिस्ट्रेशन’ निवडलं की मॅक पत्त्यासह (नेटवर्क कार्डाच्या ओळखक्रमांकासह) मशीन सर्व्हरवर नोंदलं जातं.

एक बिघाड इतक्या ठिकाणी भेटतो की तो सविस्तर सांगायलाच हवा. मेनू येतो, कर्नल (फॉगच्या छोट्या लिनक्सचा गाभा) लोड होतो आणि मग पडद्यावर डीएचसीपीकडून आयपी मिळाला नाही असा संदेश फिरत राहतो. नुकताच मेनू तर नेटवर्कवरूनच आला होता, मग आता काय झालं? कर्नल सुरू होताना नेटवर्क कार्डाची लिंक क्षणभर पडते आणि पुन्हा उठते. मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणाऱ्या) स्विचवर स्पॅनिंग ट्री (केबलींमुळे होणारा गोल फेरा टाळणारी तपासणी) साध्या पद्धतीने चालू असेल तर तो पोर्ट तीसेक सेकंद अडवून धरतो, आणि तेवढ्यात क्लायंट हात टेकतो. पारख सोपी आहे: पीसी आणि भिंतीतला पोर्ट यांच्या मध्ये साधा पाच पोर्टचा अनमॅनेज्ड स्विच लावा. आता चाललं तर दोष स्पॅनिंग ट्रीचा, स्विचवर त्या पोर्टांना पोर्टफास्ट (हे थांबणं टाळणारं सेटिंग) द्या. तरीही अडलं तर बहुधा नेटवर्क कार्ड नवं आहे, फॉगच्या वेब पानावरूनच ताजा कर्नल उतरवून घ्या. २.५ गिगाबिटच्या रिअलटेक कार्डांना हा उपाय बऱ्याचदा लागतो.

आता गोल्डन इमेज, म्हणजे सगळ्या मशीनवर उतरवायची मूळ इमेज. ती खऱ्या पीसीवर न बनवता व्हर्च्युअल मशीनवर बनवा. ड्रायव्हरचा कचरा साचत नाही आणि सिसप्रेपच्या (मशीनची खास ओळख पुसणाऱ्या विंडोजच्या साधनाच्या) आधी स्नॅपशॉट घेता येतो. व्हर्च्युअल डिस्क ६०-८० जीबीचीच ठेवा, म्हणजे इमेज लॅबमधल्या सगळ्यात लहान एसएसडीवरही मावते. इमेजचा प्रकार ‘सिंगल डिस्क, रिसाइझेबल’ निवडला की फॉग घेताना विभाग आकसतो आणि उतरवल्यावर डिस्कभर पसरवतो. पार्टिशन करताना सी ड्राइव्ह शेवटी येऊ द्या. त्याच्यामागे रिकव्हरीचा विभाग राहिला तर पसरताना अडचण येऊ शकते.

विंडोज बसल्यावर देश, कीबोर्ड वगैरे विचारणाऱ्या सुरुवातीच्या सेटअपच्या (ओओबीई) पहिल्या पडद्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एफ३ एकत्र दाबून ऑडिट मोडमध्ये जा आणि सगळी सॉफ्टवेअर तिथेच चढवा. स्टोअरला अपडेट करू देऊ नका. एखादं ॲप एका युजरपुरतं बसलं आणि सगळ्यांसाठी नसलं, की सिसप्रेप तिथेच फसतो. कोणतं ॲप ते सिसप्रेपच्या पँथर फोल्डरातल्या सेटअपॲक्ट लॉगमध्ये नावानिशी लिहिलेलं असतं. ते काढा आणि पुन्हा चालवा. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सगळ्या युजरना मिळायला हवा असेल तर उत्तरफाइलमध्ये (सेटअपच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहिलेल्या फाइलमध्ये) इनपुट लोकेलच्या ओळीत इंग्रजीबरोबर मराठीही लिहा. फक्त ऑडिट मोडमध्ये जोडलेला कीबोर्ड जनरलाइझ (सिसप्रेपने खास ओळख पुसणं) झाल्यावर टिकेल याची खात्री नाही.

कॅप्चरच्या (इमेज घेण्याच्या) आधी हायबरनेशन बंद करा, त्याबरोबर फास्ट स्टार्टअपही जातं. ते चालू राहिलं तर एनटीएफएस विभाग अर्धवट उघडा राहतो आणि फॉग त्याला आकसू शकत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) दिसला तर फॉग स्पष्ट संदेश देऊन थांबतो. विंडोज ११ च्या २४एच२ पासून डिव्हाइस एन्क्रिप्शन बऱ्याच मशीनवर आपोआप चालू होतं, म्हणून ते बंद केल्यावर डिस्क डिक्रिप्ट होणं पूर्ण होईपर्यंत वाट पाहा. मग सिसप्रेप जनरलाइझ, ओओबीई आणि शटडाउन या तीन पर्यायांनी चालवा. बंद झालेलं मशीन पुन्हा विंडोजमध्ये सुरू होऊ देऊ नका, थेट नेटवर्कवरूनच उठवा.

इमेजमध्ये फॉग क्लायंट (पीसीचं नाव बदलण्यासारखी कामं करणारं, विंडोजमध्ये बसवायचं फॉगचं सॉफ्टवेअर) घातला असेल तर सिसप्रेपआधी त्याची सेवा डिसेबल करा आणि विंडोज सेटअप संपताना चालणाऱ्या सेटअपकम्प्लीट फाइलमधून परत चालू करा. नाहीतर ओओबीई चालू असतानाच क्लायंट पीसीचं नाव बदलून रीस्टार्ट देतो आणि विंडोज अर्ध्यात मोडते. ओईएम (पीसीबरोबर आलेली) की असलेल्या होम आणि प्रो आवृत्त्यांवर ही फाइल चालतच नाही. तसंही अशी इमेज अनेक मशीनवर उतरवायला व्हॉल्यूम परवाना लागतो, तो आधी घ्या.

कॅप्चर सुरू झाला की निळ्या-करड्या पडद्यावर पार्टक्लोन (विभागांची प्रत काढणारं साधन) वेग दाखवतो. गिगाबिटवर मिनिटाला ५-६ जीबी दिसले तर प्रकृती उत्तम. १ जीबीच्या खाली असेल तर कुठेतरी १०० एमबीपीएसची लिंक आहे, बहुधा आठपैकी चारच तारा लागलेली केबल. कॅप्चरचा डेटा आधी /इमेजेस/डेव्हमध्ये मॅक पत्त्याच्या नावाच्या फोल्डरात उतरतो आणि शेवटी एफटीपीने जागेवर हलवला जातो. ‘फॉगप्रोजेक्ट’ खात्याचा पासवर्ड बदललेला असेल तर सगळा डेटा उतरल्यावर, अगदी शेवटच्या पायरीला अपयश येतं. घाबरू नका, फोल्डर तिथेच असतो. हाताने हलवा, इमेजचं नाव द्या आणि /ओपीटी/फॉगमधल्या, टिंबानेच सुरू होणाऱ्या ‘फॉगसेटिंग्ज’ फाइलमधला पासवर्ड पुन्हा लावा.

लॅबभर उतरवायचं तर मल्टिकास्ट. २५ जीबीची इमेज गिगाबिटवर एका मशीनला चारेक मिनिटांत जाते. दहा मशीनना वेगवेगळी पाठवली तर तीच तार दहा जणांत वाटली जाऊन चाळीस मिनिटं लागतात. मल्टिकास्टमध्ये एकच प्रवाह सगळे ऐकतात. मात्र सगळ्यात हळू मशीन सगळ्यांचा वेग ठरवतं, म्हणून एखादी खराब डिस्क असलेला पीसी आधी बाजूला काढा. स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (हा प्रवाह फक्त मागणाऱ्या पोर्टांनाच देणं) चालू असेल तर क्वेरियरही (कोण ऐकतंय ते अधूनमधून विचारणारा) लागतो. क्वेरियर नसेल तर सुरुवात छान होते आणि मध्येच सगळी मशीन एकदम थांबतात.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. १.५ मालिकेत सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअरच बूट होऊ देणारं सेटिंग) बंद करावं लागतं, म्हणजे प्रत्येक मशीनच्या बायोसमध्ये एकदा हात घालणं आलंच. त्याच फेरीत स्टोरेजचं सेटिंग रेडऐवजी एएचसीआयवर आणा, नाहीतर एनव्हीएमई डिस्क फॉगला दिसणार नाही. काही यूईएफआय मशीन मेनूनंतर हार्ड डिस्ककडे जाताना काळ्या पडद्यावर अडकतात, त्यांचा ‘एक्झिट टाइप’ होस्टच्या पानावर बदलून पाहावा लागतो. लॅपटॉपला यूएसबी लॅन अडॅप्टर लावून इमेज करत असाल तर सगळे लॅपटॉप एकाच मॅकने ओळखले जातात, तो मॅक नोंदणीत धरू नका. आणि सगळ्यात गंभीर बाब: /इमेजेस फोल्डर एनएफएसवर (नेटवर्कवर फोल्डर वाटून देणाऱ्या सेवेवर) नेटवर्कमधल्या कोणालाही वाचायला खुला असतो. इमेजमध्ये पासवर्ड किंवा वायफायची की ठेवू नका, सर्व्हर वेगळ्या व्हीलॅनमध्ये (स्विचवर वेगळ्या केलेल्या नेटवर्कमध्ये) ठेवा आणि इंटरनेटवर कधीही उघडू नका.

बॅकअप घेताना डेटाबेस आणि इमेज सगळे घेतात, पण /ओपीटी/फॉग/स्नॅपिन्समधला एसएसएल फोल्डर (सर्व्हरची ओळख पटवणारी प्रमाणपत्रं) विसरतात. सर्व्हर नव्याने उभा केला आणि तो फोल्डर नसला, तर लॅबमधला प्रत्येक फॉग क्लायंट नव्या सर्व्हरला अनोळखी समजून नाकारतो आणि तो प्रत्येक मशीनवर पुन्हा बसवावा लागतो.