ग्वांगझूत घेतलेला जिन ज्युन मेई खोटा निघाला

गेल्या ऑक्टोबरात कामासाठी ग्वांगझूच्या व्यापार मेळ्याला गेलो होतो. येताना एक किलो चहा आणला. किंमत २,४०० युआन, म्हणजे आपले जवळजवळ एकोणतीस हजार रुपये. ही पुण्यातल्या आम्हा सहा चहाप्रेमींची वर्गणी होती आणि खरेदीचं काम विश्वासाने माझ्यावर सोपवलेलं होतं. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

चहाचं नाव जिन ज्युन मेई. फुजिआन प्रांतात वूयी डोंगरात थोंगमू नावाचं गाव आहे. पाइनच्या धुरावर वाळवलेला लापसांग सूचोंग मूळचा तिथलाच. त्याच गावात २००५ साली नुसत्या कळ्या खुडून, धूर न देता हा नवा चहा तयार झाला. अर्धा किलोला पन्नास-साठ हजार कळ्या लागतात आणि खुडणी होते ती वसंतात. आपण ज्याला काळा चहा म्हणतो त्याला चिनी लोक होंग छा, म्हणजे लाल चहा म्हणतात. त्या लाल चहांमध्ये आज हा सगळ्यात महागड्यांपैकी एक. यातलं बरंचसं मी जायच्या आधी वाचलेलं होतं. तरीही फसलो, कारण दुकानात मी माझ्या जिभेवर विसंबलो, आणि त्या जिभेपर्यंत काय पोचवायचं हे दुकानदाराच्या हातात होतं.

फांगत्सुन हा ग्वांगझूमधला चहाचा मोठा घाऊक बाजार. तिथे प्रामाणिक दुकानं भरपूर आहेत, हे आधी सांगतो. मी ज्या दुकानात बसलो तिथे मालकाने तीन चहा मांडले. पहिला लापसांग, इतका धुरकट की घशाला लागला. दुसरा युन्नानचा, कडवट आणि जड. तिसरा त्याचा जिन ज्युन मेई. सोनेरी कळ्या, मधासारखा वास, एकही कडू घोट नाही. दोन निकृष्ट चहांनंतर तो अमृतासारखा लागला. पण पहिले दोन चहा त्याने झाकणाच्या वाटीत, गायवानमध्ये, बराच वेळ मुरू दिले होते. तिसऱ्यावर पाणी ओतलं आणि पाचेक सेकंदांत काढून घेतलं. प्रत्येक वेळी तेच. तो मोबाइलवर थोंगमूच्या डोंगराचे फोटो दाखवत होता आणि मी ते पाहत होतो, वाटीकडे माझं लक्ष नव्हतं. इतक्या कमी वेळात कुठलाही कळ्यांचा चहा गोडच लागतो.

‘याच आठवड्यात आलेला ताजा माल,’ असंही तो म्हणाला. ऑक्टोबरात! वसंतात खुडलेल्या चहाचा ताजा माल ऑक्टोबरात कसा येईल, हा साधा प्रश्न मला तिथे सुचायला हवा होता.

परत आल्यावर वाटण्या झाल्या. तिसऱ्या दिवशी आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ काकांचा फोन आला. ‘अरे, हा कडू होतोय. तू तिथे हाच प्यायलास ना?’ त्यांनी आपल्या नेहमीच्या कोऱ्या चहासारखं पाणी ओतून पाच मिनिटं झाकून ठेवलं होतं. मी घरी तसंच करून पाहिलं. जीभ आखडली, आणि मागून भाजलेल्या रताळ्यासारखी चव आली. मधाचा, फुलांचा सुगंध कुठेच नव्हता.

ग्वांगझूमध्ये माझ्यासाठी दुभाषाचं काम करणारी मुलगी मूळची फुजिआनची. तिला कळ्यांचे फोटो पाठवले. तिचा पहिला प्रश्न, ‘भिजलेली पानं पाहिलीत का?’ मी ती पांढऱ्या बशीत पसरून फोटो काढला. जाड, लांब, गुबगुबीत कळ्या. ती म्हणाली, ‘ही युन्नानच्या मोठ्या पानाच्या झाडाची. थोंगमूची कळी बारीक असते, भुवईच्या केसांसारखी. मेई म्हणजे भुवईच.’ खऱ्या मालात काळा रंग जास्त असतो आणि सोनेरी लव मधूनमधून दिसते, हेही तिनेच सांगितलं. माझा माल एकसारखा सोनेरी होता, आणि मी त्या सोनेरीपणालाच भुललो होतो.

युन्नानच्या सोनेरी कळ्यांचा चहा, दियान होंग, हा मुळात वाईट चहा नाही. तो १९३० च्या दशकाच्या अखेरीला सुरू झाला. चांगला दियान होंग भरदार, कोकोसारखा लागतो, आणि मला तो आवडतो. तो त्याच्या नावाने, त्याच्या भावाने विकला असता तर मी आनंदाने घेतला असता. त्याला दुसऱ्याचं नाव देऊन कित्येक पट पैसे घेणं याचा मला राग आहे. त्यात त्या चहाचाही अपमान आहे.

मी दुकानदाराला लिहिलं. उत्तर आलं, ‘तुम्ही स्वतः चाखून घेतलात.’ पावती काढून पाहिली तर तिच्यावर फक्त ‘होंग छा, दोन जिन’. इथे जिन म्हणजे वजनाचं माप, अर्धा किलो. चहाचं नाव नाही, गावाचं नाव नाही. खोक्यावर जिन ज्युन मेई छापलेलं होतं, पण त्या छपाईने काही सिद्ध होत नाही. २०१३ साली बीजिंगच्या उच्च न्यायालयाने हे नाव एका कंपनीची मालमत्ता नसून चहाच्या प्रकाराचं सर्वसाधारण नाव आहे, असा निकाल दिला. त्यामुळे ते कुणीही छापू शकतं. पैसे परत मिळाले नाहीत. पाच जणांची वर्गणी मी माझ्या खिशातून परत केली. काका घेत नव्हते, त्यांच्या हातात बळेच दिली.

एप्रिलच्या मेळ्याला गेलो तेव्हा खिशात छोटा वजनकाटा नेला. दुकानात बसल्यावर सरळ सांगायचो: प्रत्येक चहा तीन ग्रॅम, दीडशे मिलिलिटर उकळतं पाणी, झाकण ठेवून पाच मिनिटं, सगळे चहा एकाच वेळी. चहा तपासणारे लोक चीनमध्ये असंच करतात, आणि वाईट चहाला यात लपायला जागा उरत नाही. दोन दुकानदारांनी नकार दिला. तिथून मी उठलो. तिसऱ्या दुकानातल्या बाईंनी काहीही न बोलता पाच पांढरे कप मांडले आणि घड्याळ लावलं. पाच मिनिटांनंतरही त्यांच्या कीमन नावाच्या लाल चहाला कडवटपणा नव्हता, फळासारखा वास तसाच होता. बिनधुराचा लापसांग गार झाल्यावर आणखी गोड लागला. भिजलेली पानं त्यांनी आपणहून बशीत काढून दाखवली. पावतीवर चहाचं नाव, गाव आणि खुडणीचं वर्ष लिहून दिलं. मी दोन्ही शंभर-शंभर ग्रॅम घेतले. जिन ज्युन मेईही होता, भाव ऐकून तो तिथेच ठेवला.

तो खोटा चहा अजून पाऊण किलो आहे. पुण्यात कुणाला खऱ्याशी ताडून पाहायला चमचाभर हवा असेल तर मी आणून देईन.